मोठ्या जावेचं पान

भात करपत होता आणि माय चुलीपासून हातभर अंतरावर पाय पसरून बसली होती. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तिथपर्यंत वास आला. धावत आत गेले तर भाताच्या गंजातून काळा धूर निघत होता, तिच्या पांढऱ्या केसांत शिरत होता. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "भात झाला वाटते. काढ."

"करपला ना माय. वास नाही आला तुम्हाला?"

"कायचा वास?"

तिनं खरंच नाक वर करून हुंगून पाहिलं. धूर तिच्या तोंडावरच होता. मग खांदे उडवले आणि पुन्हा बसली.

तेव्हा मला वाटलं, म्हातारपण आहे. ही सुरुवात आहे हे कळायला पुढे दिवाळी उजाडली.

मी ह्या घरातली नाही. मी मालवणच्या बाजूची, समुद्राकाठची. सातवीत शाळा सुटली आणि आईबरोबर मासे सुकवायच्या कामाला लागले. नवरा रस्त्याच्या कामावर मोठं यंत्र चालवतो, काम जाईल तिथे जातो. तो गोंदिया जिल्ह्यात आला तशी मीही आले. गोरेगावच्या पुढे एका गावात, ह्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहत होतो. पहिल्याच पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. नवरा साइटवर, माझं माणूस कुणी नाही. ह्या घरातल्या सुनेनं मला एसटीत घालून गोंदियाला नेलं, खाटेशेजारी बसून चमच्यानं पेज पाजली, माझे केस गळून उशीवर पडायचे ते गोळा करून फेकायची आणि म्हणायची, "पाहू नोको, येतीन परत." ते उपकार मी कसे विसरणार? रस्त्याचं काम संपलं, नवरा तेलंगणात गेला, पण मी मागे राहिले. सून अंगणवाडीत जाते, तिचा नवरा शेतावर, आणि त्याच्या आईला, म्हणजे मायला, दिवसभर कुणीतरी जवळ लागायचं. मी सुनेला ताई म्हणते, तिच्या नवऱ्याला भाऊ. ते मला कोकणवाली म्हणतात. घरातली माणसं एवढीच.

दिवाळीनंतर एका दुपारी घरभर गॅस भरला. मायनं शेगडीची कळ फिरवून ठेवली होती आणि काडेपेटी हातात घेऊन, आपण कशाला उठलो ते आठवत उभी होती. मी तिच्या हातातून काडेपेटी कशी काढली ते मला आता सांगता यायचं नाही. तेव्हापासून घरातल्या सगळ्या काडेपेट्या माझ्या कमरेच्या पिशवीत. भाऊ तिला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर हिंदीत बोलणारे. "कई बुजुर्गों में पहले नाक जाती है," ते म्हणाले, "याददाश्त पीछे-पीछे."

ते खरंच होतं. नाक गेलं आणि त्याच वाटेनं एकेक गोष्ट निघून चालली. आधी आठवड्याचा बाजार कोणत्या वारी ते गेलं. मग ताईचं माहेर कुठलं ते. मग नातवंडं, जी नागपुरात शिकतात. पण हात मात्र विसरले नव्हते. तरुणपणी ती विड्या वळायची. दुपारी ओसरीवर मांडीवर रिकामं सूप घेऊन बसली की बोटं चालू व्हायची. पान कापायचं, तंबाखू घालायची, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही. तरी इतकं नेमकं की मला बोटांच्या मधे विडी दिसायची. एकदा मी सुपावरून पाय टाकून गेले तर ओरडली, "सांडवशील ना. डोरे फुटले काय?" मी वाकून, जी नव्हती ती विडी उचलून सुपात ठेवली. तिनं मान हलवली. मला बरं वाटलं आणि अंगावर काटाही आला.

तोपर्यंत सगळं सोसण्यासारखं होतं. मग तिनं जेवण सोडलं.

जेवायची नाही असं नव्हे, तोंडात घास घ्यायची आणि तसाच धरून बसायची. "माती हाय," म्हणायची. वरण माती, भात माती, गूळसुद्धा माती. वासच नाही तर चव कुठून येणार? ताईनं सगळं करून पाहिलं. लसूण जास्त घाल, मिरची जास्त घाल, लोणच्याचा खार चाटव. माय तोंड मिटून घ्यायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि एकदा घातली की मग घरी ठेवणं कठीण. भाऊ दवाखान्यातून आले ते मोटरसायकल लावून बराच वेळ अंगणातच उभे होते. घरात शिरल्यावर एवढंच म्हणाले, "खाल्लं पायजे तिनं. बाकी काई नाही."

माघातली गोष्ट. दुपार होती. आमच्या तिकडे दुपारीसुद्धा वारा असतो, काहीतरी हलत असतं. इथली दुपार थांबलेली असते. धानाची कापणी होऊन शेतातल्या बांध्या उघड्या पडलेल्या, रस्त्यावर कुत्रं नाही. मी विहिरीवरून पाणी आणून मागच्या दारानं आत आले. माय भिंतीला टेकून बसली होती, पुढे सकाळचं ताट तसंच. मी उंबरा ओलांडला आणि तिनं मान वर केली. नाकपुड्या हलल्या. करपलेल्या भाताला न हललेल्या, गॅसला न हललेल्या.

"मोहाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

मोहाला त्या वेळी कळीसुद्धा नव्हती. झाडं नुसती उभी होती.

"बाई," ती मला म्हणाली, "आली वो तू?"

मला ती एरवी पोरी म्हणायची. मी मागे वळून पाहिलं, कुणी आलंय का. कुणी नव्हतं. तिनं माझा ओला हात धरला, नाकाजवळ नेला, दीर्घ श्वास घेतला. डोळे मिटले. मग म्हणाली, "जेवली नाहीस ना? बस. राग राहू दे. बस अगुदर."

मी बसले. तिनं भात कालवला, एक घास माझ्या तोंडात घातला, एक स्वतःच्या. मी गिळला तशी तिनंही गिळला. एक मला, एक तिला. ताट रिकामं झालं. मी चाटून पुसून ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. आनंदानं की भीतीनं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

संध्याकाळी ताईला सांगितलं. तिच्या हातातली परात तशीच राहिली. "बाई म्हटलं तिनं?" ताई म्हणाली. "ते तर तिच्या मोठ्या जावेले म्हणे."

मग भाऊंनी सांगितलं. मायला एक मोठी जाऊ होती. भाऊ तिला मोठी माय म्हणायचे. दोघी एकाच ताटात जेवायच्या, धानाच्या रोवण्याला चिखलात शेजारी शेजारी वाकायच्या. एका चैत्रात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, सकाळीच दोघींचं कशावरून तरी भांडण झालं. मोठी जाऊ रागात न जेवताच टोपली घेऊन निघाली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, त्यांचं मोहाचं झाड आहे, अजूनही आहे. दुपारपर्यंत ती आली नाही. माय तिचं ताट झाकून, स्वतः उपाशी बसून राहिली. लोकांनी जावेला उचलून आणलं तेव्हा ती ऊन लागून गेलेली होती, पोटात अन्नाचा कण नव्हता. टोपली भरलेली होती.

"मी पाच वर्साचा असन," भाऊ म्हणाले. "तिचा चेहरा आठवत नाही मले. लुगड्याले मोहाचा वास येत होता, तेवढाच आठवते."

मग ताई म्हणाली, "पन जेवली ना ती आज?"

"जेवली," मी म्हणाले.

"मंग होय तू तिची जाऊ. कोकणवाली अशीन नाहीतर तिकडची अशीन, जेवाशी मतलब."

ती हसली. मीही हसले. असं ठरलं.

रोज दुपारी मी विहिरीवर जायची, हात ओले करून मागच्या दारानं यायची. माय नाक वर करायची. "आली वो तू." एक घास मला, एक तिला. महिन्याभरात तिच्या बांगड्या मनगटाशी आल्या. गालावर मांस आलं. भाऊ गोरेगावहून माझ्यासाठी आठवणीनं संत्री आणू लागले. मी मनात म्हणायची, माझे गळलेले केस जिनं गोळा केले, तिच्या सासूला मी दोन घास घालते आहे, फिटलं थोडं.

पण ती गप्पाही मारायची. मेलेल्या जावेशी. "तुहा नवरा आला नाही काय?" "त्या बांधीत पानी सोडलं काय?" मी हो म्हणायची, नाही म्हणायची. आणि कधी कधी मी उत्तर द्यायच्या आधीच मला ते माहीत असायचं. एके दिवशी ती म्हणाली, "फणी आन, केस विंचरून देतो तुहे." मी उठले, गोठ्यात गेले, टाचा उंच करून आडव्या वाशावर हात घातला आणि हाताला लाकडी फणी लागली. जुनी, दोन दात पडलेली, धुळीनं माखलेली. ती पुसता पुसता लक्षात आलं. मला कुणी सांगितलं होतं तिथे फणी आहे म्हणून? मायनंच कधी बोलता बोलता सांगितलं असेल आणि मी विसरले असेन. ह्यापलीकडे दुसरं काय असणार? मी स्वतःला तेच सांगते.

तिनं माझे केस विंचरले. टायफॉइडनंतर ते विरळच राहिलेत. ती म्हणाली, "दाट आहेत अजून तुहे."

त्याच दिवसांत मला मोहाचा वास येऊ लागला. आधी हातांना. साबणानं धुतले, राखेनं घासले, तरी होता. गोड, जरा आंबूस, जड. मग पदराला. मग फुलं खरोखरच गळू लागली, बायका टोपल्या घेऊन जाऊ लागल्या, गावभर अंगणांत फुलं वाळत पडली, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आता सगळ्यांनाच येतो तो वास, मला एकटीला नाही. पण रात्री एक विचार आला. माझ्या आईच्या अंगाचा वास कसा होता? मला आठवेना. खळ्यात पसरलेला जवळा, खारा वारा, ओल्या जाळ्यांचा तो वास, ज्यात मी मोठी झाले, तो मनात आणून पाहिला. चित्र आलं. वास आला नाही. ट्रंकेत घरून आणलेली सुकटीची पुडी होती, ती काढली, नाकाशी धरली. काही नाही. कागद हुंगावा तसं.

मी घाबरून ताईला उठवायला गेले होते. दारातूनच परत आले. काय सांगणार होते?

सकाळी नवऱ्याचा फोन आला. तेलंगणातलं काम संपत आलं होतं, पुढचं काम घराजवळ मिळेल म्हणत होता. "तू कधी येतलंस?" त्यानं विचारलं.

"आता कशी येऊ? माय जेवून राहिली," मी म्हणाले.

मग तो म्हणाला, "तू त्यांच्यासारख्या बोलाक लागलंस गो."

"राहून राहून लागतंच की बोलणं."

"बोलण्याचा नाय म्हणत. आवाज तुझो वाटणा नाय माका."

मी हसून टाळलं. फोन ठेवला आणि मग हात हुंगला.

ताईच्या डोळ्यांतून ते सुटलं नव्हतं. ती अंगणवाडीत दिवसभर लेकरांची तोंडं पाहते, कुणाला बरं नाही ते तिला लांबून कळतं. एकदा मी गोठ्याकडे तोंड करून बसले होते तर शेजारी येऊन बसली. "तू सुकून राहिली," म्हणाली. "माय भरली अन् तू सुकली. माह्या घरासाठी तुले काई झालं तर मी तुह्या नवऱ्याले काय तोंड दाखवू?"

मग तिनं अक्तीचं काढलं.

अक्षय तृतीयेला इकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्यांसाठी नवी घागर भरायची, वर आंबे ठेवायचे, आणि त्यांच्या नावानं पान वाढायचं. ह्या घरात रीत अशी की पान रिकामं ठेवत नाहीत. जो गेला त्याच्या जागी बाहेरचं जिवंत माणूस बसवतात, पितर म्हणून. बाई सवाष्ण गेली असेल तर सवाष्णच बसवायची. पाय धुवायचे, पोटभर जेवू घालायचं, साडी द्यायची आणि निरोप द्यायचा. उठलेल्या पितरानं मागे वळून पाहायचं नाही आणि त्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मोठी जाऊ सवाष्णच गेली होती. पण तिचं पान ह्या घरात कधीच वाढलं गेलं नव्हतं. मायच वाढू द्यायची नाही. तिचं ताट झाकून ठेवलंय, म्हणायची.

"ह्या वर्षी वाढू," ताई म्हणाली. "तू बस. ते जेवली की जाते. पोट भरलेलं माणूस थांबत नाही. मंग माय मोकळी अन् तूही मोकळी."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी त्यासाठी आसुसले होते.

अक्तीला भाऊंनी माझे पाय धुतले. मला लाज वाटत होती, ते वयानं केवढे मोठे, पण ते वर पाहतच नव्हते. पळसाच्या पत्रावळीवर वडे, शेवया, कढी, भात, आंब्याचं पन्हं. माय पलीकडे पाट घेऊन बसली होती आणि वाढायला कुणालाच हात लावू देत नव्हती. ती हसत होती. "वाढू काय अजून? लाजू नोको वो."

मी पहिला घास घेतला आणि मला भूक लागली. अशी भूक मला आयुष्यात लागली नव्हती. आजारपणातून उठल्यावरसुद्धा नाही. मी खात गेले. ताई माझ्याकडे पाहत होती, तिचा चेहरा बदलत गेला, पण मला थांबता येईना. मायनं चार वेळा भात वाढला. शेवटी मी हात मागे घेतला तेव्हा पत्रावळीवर काही नव्हतं, आणि पोट जड झालं नव्हतं.

ताईनं साडी मांडीवर ठेवली. मी उठले. दारापर्यंत गेले. मागून मायचा आवाज आला, अगदी शांत, शहाण्या माणसाचा.

"जा बाई. उन्हाचं जपून जाजो."

मी वळले नाही. दिवसभर अंगणवाडीच्या ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळच्या आत हातांचा वास गेलेला होता. मी चार वेळा हुंगून पाहिलं. मग शेजारच्या घरी निजले.

दुसऱ्या दिवशी घरी गेले तर माय मला म्हणाली, "कोन तू?"

"मी कोकणवाली, माय."

"बरं," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी दुपारी विहिरीवरून हात ओले करून आले. तिनं नाक वर केलं नाही. ताट पुढे ठेवलं, घास कालवला, तिच्या ओठाला लावला. ओठ उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा ओठांच्या कडेनं ओघळून जाऊ लागलं. भाऊ डॉक्टरांशी बोलले. उद्या घेऊन या, नळी घालू, असं उत्तर आलं. ताई चुलीपाशी बसून होती, चूल विझलेली.

"मीच हाकलली," ती म्हणाली. "इतकी वर्सं हे बुढी कोनाच्या भरवशावर जगून राहिली होती ते मले समजलं नाही. मी तिलेच धाडून देल्ली."

मी म्हणाले, "मी परत बोलावते."

ताईनं मान वर केली. "काय बोलतेस? निरोप देल्लेल्या पितराले वापस बोलवत नाही. कोनीच बोलवत नाही. मंग ते जात नाही, कोकणवाली. समजते काय तुले?"

"समजतं."

"तू आपल्या घरी जा. नवरा बोलावून राहिला ना तुले? जा. तुही जबाबदारी नोको आता माह्यावर."

"केस गळत होते तेव्हा मी म्हटलं होतं काय तुम्हाला, की माझी जबाबदारी नको?"

तिनं चुलीतली राख सारखी केली. मग म्हणाली, "मी पाहनार नाही. मी आतल्या खोलीत राहतो." आणि उठून गेली.

मी भर उन्हात निघाले. डोक्यावर पदर घेतला नाही. बांध्यांच्या मधून, तापलेल्या ढेकळांतून धुऱ्यापर्यंत गेले. मोहाच्या झाडाला आता नवी तांबडी पानं होती, फुलं केव्हाच संपली होती. खाली उभी राहिले. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. कुणाला काय म्हणून हाक मारायची? मी मनात म्हटलं, मी आहे, ये. मग नुसती उभी राहिले, डोळ्यांपुढे काळं येईपर्यंत. सावली होती पण थंड नव्हती. पाखरू नाही, पान हलत नाही. वाट कधी धरली ते आठवत नाही. मागचं दार आलं, एवढं आठवतं.

माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघालं ते असं:

"वाढ ना वो. लगित भूक लागली."

ती हलली. हळूहळू कूस वळली. तिचे डोळे माझ्या पायांवरून वर चढत आले. नाकपुड्या हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या.

"तुले तर जा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"गेली होती."

"मंग?"

"उपाशी बसली ना तू. मी कशी जाऊ?"

मग तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं, चिडवणारं, दोन बायकांमधलं. "माह्या उपाशीचं नाव करते. खादाड. चार खेपा भात घेतला त्या दिवशी." आणि हात टेकून उठून बसली.

आतल्या खोलीतून ताटाचा आवाज आला. ताईनं वाढून ताट दारातून पुढे सरकवलं. फक्त हात दिसला. मायनं कालवलं, एक घास मला, एक स्वतःला. गिळला. माझ्या अंगाला त्या क्षणी जो वास आला तो मला ओळखीचा होता आणि मी तो धुतला नाही. तेव्हापासून धुतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ तिला गोंदियाला घेऊन गेले नाहीत.

आता रोवणे आटोपले आहेत. माय जेवते. तिला बाकी कुणीच आठवत नाही, भाऊसुद्धा नाहीत, पण ती जेवते, आणि डॉक्टर म्हणतात हेच पुष्कळ. नवऱ्याला सांगितलंय, दिवाळीनंतर बघू. तो फोनवर फार वेळ बोलत नाही. ताई माझी काळजी घेते, मला दूध देते, पण दुपारी ती घरी थांबत नाही. मला ह्या घरानं जगवलं, मी ह्या घराचं माणूस जगवलं. ह्यात भिण्यासारखं काय आहे, असं मी रोज स्वतःला विचारते.

परवा मी चुलीपुढे बसले होते, पाठ दाराकडे. भाऊ शेतावरून आले. पाय धुतले, ओसरीवर घाम पुसत बसले. त्यांनी आत पाहिलंही नसावं.

"मोठी माय," ते म्हणाले, "पानी दे."

मग ते आपल्याच पायांचा चिखल काढत बसले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं. माय भिंतीला टेकून बघत होती. मी उठले आणि त्यांना पाणी दिलं.